पाठ १४ : सौरपंपाचा अर्ज

शेतीची लाईट पुष्कळ गावांत पाळीने येते. रात्रीची पाळी असली की मध्यरात्री उठायचे, बॅटरी घ्यायची आणि पिकाला पाणी द्यायला निघायचे. वाटेत साप, विंचू. काही भागांत बिबट्याची भीती. घरची माणसे सकाळपर्यंत घोर लावून बसतात.

सौरपंप उन्हावर चालतो. ऊन पडले की पाणी सुरू, दिवस मावळला की बंद. म्हणजे पाणी दिवसा देता येते. ऊन फुकट आहे. पण पंप आणि प्लेटा फुकट नाहीत. त्यासाठी सरकार मदत देते आणि ती मदत कागदावरून मिळते.

वर्गात आम्हांला पुष्कळ जण विचारतात, “गुरुजी, या वयात अक्षरं शिकून काय करायचं?” त्याचे एक उत्तर या पाठात आहे.

योजना कोणती?

केंद्र सरकारने २०१९ साली ‘कुसुम’ योजना काढली. तिला जोडून महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू केली. तिचे काम महावितरण पाहते. पुढे दिले आहेत ते २०२४ साली ठरलेले नियम. नियम बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी महावितरणच्या कचेरीत विचारून घ्यावे.

ज्याची स्वतःची शेती आहे, शेतात पाण्याची खात्रीची सोय आहे आणि ज्याने शेतीपंपासाठी आधी विजेची जोडणी घेतलेली नाही, अशा शेतकऱ्यासाठी ही योजना आहे. विहीर, बोअर, शेततळे, बारमाही नदी किंवा नाला, यांपैकी काहीही चालते.

अडीच एकरांपर्यंत शेत असेल तर ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. अडीच ते पाच एकरांना ५ अश्वशक्तीचा. पाच एकरांच्या वर ७.५ अश्वशक्तीचा. याहून लहान पंप हवा असेल तर तोही मागता येतो.

आधी उतारा वाचा

अर्जाला सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला जातीचा दाखला लागतो. यांत मुख्य कागद सातबारा. तो हातात घ्या आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट नाव. शेत तुम्ही कसता. पण उताऱ्यावर नाव कुणाचे आहे? पुष्कळ घरी मालक वारून वर्षे होतात, तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असते. बाई एकटी शेत राबते आणि कागदावर ती कुठेच नसते. मग अर्ज अडतो. अशा वेळी मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावे आणि वारसाची नोंद करण्यासाठी अर्ज द्यावा. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नोंदीची नोटीस निघते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. नंतर नोंद मंजूर होते. हे काम पंपासाठीच करायचे असे नाही. ज्या बाईचे नाव उताऱ्यावर नाही तिला उद्या पीककर्जही मिळणे कठीण. म्हणून हे आजच करावे.

दुसरी गोष्ट हिस्सेदार. उतारा सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांची लेखी संमती लागते. “भाऊ काय नाही म्हणतोय व्हय?” असे म्हणून चालत नाही. भाऊ हो म्हणतो, तर ते कागदावर यायला हवे.

तिसरी गोष्ट पाणी. विहीर किंवा बोअर आहे, पण उताऱ्यावर तिची नोंद आहे का? नसेल तर आधी करून घ्या. ज्या भागात जमिनीतले पाणी फार खाली गेले म्हणून सरकारने बंधन घातले आहे, तेथे भूजल खात्याचा ना हरकत दाखलाही लागतो.

पैशांचा हिशेब

पंपाच्या किमतीपैकी शेतकऱ्याने शेकडा १० रुपये भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने शेकडा ५. बाकीचे केंद्र आणि राज्य सरकार भरते.

आता गणित करू. समजा, पंपाची किंमत ३,००,००० रुपये आहे. शेकडा १० प्रमाणे तुमचे झाले ३०,००० रुपये. शेकडा ५ प्रमाणे १५,०००.

हे ३०,००० जवळ नसले तर? समजा, एक जण शेकडा ३ रुपये दरमहा व्याजाने देतो. ऐकायला तीन रुपये थोडे वाटतात. पण महिन्याला झाले ९०० आणि वर्षाला १०,८००. दुसरीकडे, समजा, बँक शेकडा १२ दरसाल मागते. वर्षाला झाले ३,६००. बारा हा आकडा तीनपेक्षा मोठा, तरी बँकेचे कर्ज स्वस्त पडले. का? एक व्याज महिन्याचे, दुसरे वर्षाचे. म्हणून नुसता आकडा वाचू नका. ‘दरमहा’ की ‘दरसाल’, तो शब्दही वाचा. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

अर्जानंतर

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर भरतात. अर्ज भरला की एक क्रमांक मिळतो. तो वहीत उतरून ठेवा. अर्जाचे पुढे काय झाले, ते या क्रमांकावरूनच कळते.

कागद तपासून झाले की पैसे भरायचा निरोप येतो. पैसे भरल्यावर, यादीतील कंपन्यांपैकी एक आपण निवडायची. मग कंपनीची आणि महावितरणची माणसे शेत पाहायला येतात. प्लेटांवर झाडाची सावली पडणार नाही ना, पाणी किती खोल आहे, हे त्या वेळी स्वतः उभे राहून दाखवा. त्यानंतर पंप बसतो.

पंप चालून पाणी बाहेर पडल्याशिवाय ‘पंप बसला’ या कागदावर सही करू नका. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची असते. विमाही असतो. बिघाड झाला किंवा प्लेटा चोरीला गेल्या तर कुणाला कळवायचे, किती दिवसांत कळवायचे, ते त्याच दिवशी लिहून घ्या.

फसू नका

“तुमचा पंप मंजूर झाला, आजच पैसे भरा,” असा फोन येतो. खोटी संकेतस्थळेही निघाली आहेत. फोनवरच्या माणसाला पैसे पाठवू नका. मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला सांगू नका. आपला अर्ज क्रमांक घेऊन महावितरणच्या कचेरीत जा आणि विचारा. पैसे भरले की पावती घ्या. पावतीवरचे नाव आणि रक्कम तेथेच वाचा.

सरकारी मदत पुष्कळांसाठी असते. ज्याचे कागद पुरे असतात त्याच्या पदरात ती पडते. दुसऱ्याने वाचून दाखवले तर तो जेवढे वाचील तेवढेच आपल्याला कळते. आपण वाचले तर सगळे कळते.

अभ्यास

१. घरचा सातबारा वर्गात आणा. त्यावरील गट क्रमांक आणि सर्व नावे वहीत लिहा.

२. त्यात घरातील कुणाचे नाव नाही? असायला हवे का?

३. पंपाची किंमत २,५०,००० रुपये धरा. शेकडा १० प्रमाणे किती भरावे लागतील? शेकडा ५ प्रमाणे किती?

४. शेकडा २ रुपये दरमहा म्हणजे दरसाल शेकडा किती?