वॉरंटी कार्डाची मागची बाजू

नवा लॅपटॉप हॉस्टेलवर आला की पहिल्या रात्री रूममध्ये जत्रा भरते. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांची व्हायवा होते. वॉरंटीचं पुस्तक मात्र खोक्याबरोबर थेट कॉटखाली जातं. ते बाहेर येतं तेव्हा स्क्रीन गेलेली असते आणि सर्व्हिस सेंटरवाला 'हे वॉरंटीत बसत नाही' म्हणून मोकळा झालेला असतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशाचा प्रश्न आहे. तेव्हा सबमिशनच्या धावपळीतून दहा मिनिटं काढा आणि हे पुस्तक एकदा वाचूया.

गॅरंटी, वॉरंटी आणि 'लिमिटेड'

दुकानदार तोंडी 'एक वर्ष गॅरंटी' म्हणतो. छापलेलं असतं 'लिमिटेड वॉरंटी'. म्हणजे मटेरियलमध्ये किंवा बनावटीत दोष निघाला तर कंपनी वस्तू दुरुस्त करेल किंवा बदलून देईल. यातलं काय करायचं हे ठरवणार कोण? त्यासाठी 'सोल डिस्क्रिशन' हे दोन शब्द असतात, म्हणजे सर्वस्वी कंपनीची मर्जी. 'रिफर्बिश्ड' असेल तर बदलून मिळणारा भाग कोरा नसून दुरुस्त करून तपासलेलाही असू शकतो.

कायद्याच्या भाषेत वॉरंटी हा तसा दुय्यम शब्द आहे. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १२ नुसार सौद्यातली 'शर्त' मोडली तर ग्राहक सौदाच रद्द करू शकतो. 'वॉरंटी' मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही.

काय काय वगळतात?

१. फिजिकल डॅमेज : पडणं, दाबलं जाणं, तडा जाणं. हा दोष बनावटीचा नाही, म्हणून बाद.

२. लिक्विड डॅमेज : बऱ्याच फोन-लॅपटॉपच्या आत एक छोटा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. तो लाल दिसला की चर्चा संपली! इथे आयपी रेटिंगचा घोळ समजून घ्या. आयपी-६८ मधला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. ही चाचणी ठरावीक खोलीवर, ठरावीक वेळ, गोड्या पाण्यात होते. त्यामुळे जाहिरातीत फोन पाण्यात दिसला तरी पुस्तकात लिक्विड डॅमेज वगळलेलं असू शकतं.

३. वेअर अँड टेअर : वापराने होणारी नेहमीची झीज. बॅटरीची क्षमता चार्जिंगच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडी थोडी घटतेच. त्यामुळे बॅटरी 'कन्झ्युमेबल' धरतात आणि तिची मुदतही काही वेळा वेगळी असते.

४. अनऑथराइज्ड रिपेअर : कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा आपल्याच विंगमधल्या 'तज्ज्ञा'कडून उघडलेलं मशीन.

५. पॉवर सर्ज आणि 'ॲक्ट ऑफ गॉड' : वीज पडणं, पूर, व्होल्टेजची उडी. एका बोर्डावर चार चार्जर आणि एक हीटर लावणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

६. कॉन्सिक्वेन्शियल डॅमेजेस : बिघाडामुळे ओघाने झालेलं नुकसान. हार्ड डिस्क बदलून मिळेल, तिच्यावरचा प्रोजेक्ट रिपोर्ट मिळणार नाही. बॅकअप आपला आपणच घ्यायचा.

७. ओरिजिनल पर्चेसर : काही वॉरंट्या फक्त मूळ खरेदीदारालाच असतात, काही फक्त ज्या देशात वस्तू विकली त्याच देशात चालतात. सिनियरकडून लॅपटॉप घेताना किंवा परदेशातल्या काकांकडून मागवताना हे आधी पाहा.

छापलं म्हणजे संपलं का?

काही पुस्तकांत एक परिच्छेद सगळा कॅपिटल अक्षरांत असतो. त्यात 'मर्चंटेबिलिटी'ची अध्याहृत हमी नाकारलेली असते. ही अमेरिकन कायद्याची सवय. अशी नकारघंटा ठळक दिसली पाहिजे, असा तिथला नियम आहे. आपल्याकडे १९३० च्या कायद्याचं कलम १६ म्हणतं की त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे, ही शर्त न लिहिताही असते. कलम ६२ प्रमाणे करार करून ती वगळता येते, हेही खरं. पण इथे सौदा दुकानदाराशी झालेला असतो आणि वॉरंटी देते कंपनी. त्यामुळे नव्या वस्तूत दोष निघाला तर 'कंपनीकडे जा' एवढं सांगून दुकानदार सुटत नाही.

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार 'अनुचित करार' म्हणून राज्य आयोगापुढे नेता येतो आणि ती अट रद्द होऊ शकते. आणि एक, बिल वडिलांच्या नावावर असलं तरी त्यांच्या संमतीने वस्तू वापरणारे तुम्हीही कायद्याने 'ग्राहक'च आहात.

मग करायचं काय?

बिल आणि सिरियल नंबरचा फोटो घेतल्या दिवशीच काढा. मशीन जमा करताना जॉबशीटवर बिघाड आणि मशीनची बाहेरची स्थिती दोन्ही लिहून घ्या. नाहीतर परत येताना एखादा ओरखडा वाढलेला असतो आणि तो कोणाचा हे सांगता येत नाही. 'बसत नाही' हे उत्तर तोंडी ऐकून परतू नका, कारणासह लेखी मागा. दोष बनावटीचा की वापराचा, याच मुद्द्यावर बहुतेक भांडण फिरतं. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून वाद चालू असताना ती इतरांकडून उघडू नका.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

डेटाशीट न वाचता आयसी सर्किटमध्ये लावला तर काय होतं हे आपल्याला लॅबमध्ये शिकवावं लागत नाही. वॉरंटी कार्ड ही पैशांची डेटाशीट आहे. तेव्हा आज मेसवरून आलात की कॉटखाली एकदा हात घाला!