नाटकाची एक्सेल शीट आणि तित्थायतन सुत्त



यंदाच्या भीमजयंतीला मुलांचे नाटक बसवण्याचे काम माझ्याकडे आले. विषय मुलांनीच निवडला: बाबासाहेब परदेशातून शिकून परततात, नोकरीसाठी बडोद्याला जातात आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळत नाही. कोलंबिया विद्यापीठ आपल्या मुलांनी पाहिलेले आहे, त्यामुळे गोष्ट त्यांना जवळची वाटली असावी. मी पडलो इंजिनिअर माणूस. ७ प्रवेश, २२ मिनिटे, प्रत्येक वाक्यापुढे सेकंद, अशी एक्सेल शीट केली आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. बायको म्हणाली, "हे नाटक आहे की रिलीज प्लॅन?"

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. धर्मशाळा पारश्यांसाठी होती. तिथे राहता यावे म्हणून त्यांना नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा लोक आले आणि त्यांना तिथून निघावे लागले. नाव लिहिण्याचा भाग मी शीटमधून गाळला होता. जयंतीच्या मंचावर बाबासाहेब खोटे नाव लिहितात, हे दाखवणे मला अवघड वाटले. मी सरळ काठ्यांवर आलो होतो.

बाबासाहेबांचे काम करणारा मुलगा १३ वर्षांचा. त्याने मूळ मजकूर वाचला होता. तिसऱ्या तालमीत त्याने विचारले, "काका, नाव लिहायचा सीन का नाही?" मी म्हणालो, वेळ कमी आहे. त्यावर तो अगदी सहज बोलला, "माझ्या क्रिकेटच्या ग्रुपमध्ये मीपण आडनाव सांगत नाही. सगळे इंडियन आहेत ना. आईने सांगितलंय."

खोलीत सहा-सात पालक बसले होते. त्याची आईही होती. कोणी काही बोलले नाही. ऑफिसात जेवताना 'गाव कुठलं, पूर्ण नाव काय' या प्रश्नाला आपल्यातल्या किती जणांनी बगल दिली आहे, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मीही दिली आहे. त्या रात्री आईचा फोन आला. "दादा, माझ्या मुलाला तुम्ही सगळ्यांसमोर उघडं पाडलंत."

(हे सर्व मी त्या दोघांच्या परवानगीने लिहीत आहे.)

मला दोन वाटा दिसत होत्या. एक, शीटकडे परत जायचे. दुसरी, शीट फेकून द्यायची आणि 'जे होईल ते होईल' म्हणायचे. कलेविषयी हल्ली दुसरा सल्ला फार ऐकू येतो: सोडून द्या, वाहू द्या. मला तो अर्धवट वाटतो, आणि का वाटतो ते शोधताना एक सुत्त आठवले.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तित्थायतन सुत्त आहे. त्यात भगवंत तीन मते तपासतात. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळे. किंवा सगळे ईश्वराच्या निर्मितीमुळे. किंवा सगळे कारणाविना, आपोआप. तिन्ही मते एकमेकांविरुद्ध दिसतात. पण भगवंत दाखवून देतात की तिन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो: अकिरिया. 'हे करावे, हे करू नये' असे म्हणायला जागाच उरत नाही.

सुत्ताचा विषय नाटक नाही, हे मान्य. तरी मला त्यात माझा चेहरा दिसला. सगळे आधीच ठरलेले, ही माझी शीट. सगळे लेखक-दिग्दर्शकाच्या इच्छेने घडणार, हा माझा अहंकार. आणि 'जे होईल ते होईल' हा चक्क अहेतुवाद, फक्त आधुनिक कपड्यांतला. अनिश्चिततेला जवळ करणे म्हणजे कारणे नाकारणे नव्हे.

आमच्या शास्त्रातही हेच आहे. १९६१ मध्ये एमआयटीतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचे एक छोटे गणिती मॉडेल चालवत होते. एक भाग पुन्हा तपासावा म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा मधूनच भरला: ०.५०६. संगणकात तोच आकडा ०.५०६१२७ होता. समीकरणे तीच, यंत्र तेच, तरी थोड्या वेळाने दोन्ही हवामानांत काही साम्य उरले नाही. १९६३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. केऑस थिअरीचा पाया म्हणून आज तो ओळखला जातो. त्या मॉडेलमध्ये दैव कुठेच नाही, योगायोगही नाही. प्रत्येक पायरीला कारण आहे, पण पुढचे सांगता येत नाही. पटिच्चसमुप्पाद शिकताना आपण इदप्पच्चयता म्हणतो, म्हणजे अमुक प्रत्यय असेल तर अमुक उत्पन्न होते. प्रत्यय असंख्य, आणि आपल्या हातात त्यांतले चार-दोन.

मग हातातले तेवढेच नीट लावायचे ठरवले. मी त्यांच्या घरी गेलो, आईची माफी मागितली. क्रिकेटचा विषय मंचावर येणार नाही, ही तिची अट होती. नाव लिहिण्याचा प्रवेश मात्र हवा, असे मुलगा म्हणत होता. दोन दिवसांनी आईने होकार दिला. टेबल, नोंदवही, पेन आणि रखवालदाराचे एकच वाक्य, "नाव लिहा." पुढे काही लिहिलेले नाही. त्याने वाटेल ते लिहावे, बोलावे किंवा गप्प राहावे. नंतर त्याला कोणी काही विचारायचे नाही. ही शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोकळीक देताना कोणाला इजा होणार नाही हे पाहणे, हे शीलाचेच काम आहे.

आपल्याला हे नवे नाही. तमाशातल्या वगाचे संवाद पूर्वी लिहिलेले नसत. कथानक ठरलेले, बोलणे त्या रात्रीचे. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी त्याच तमाशाचा साचा घेऊन गावोगाव विचार पोचवला. एक्सेल शीट मीच मध्ये आणली.

आणखी एक आक्षेप आला: बाबासाहेब रडताना दाखवू नका. पण निवारा गेल्यावर आपण रडलो, हे त्यांनीच लिहिले आहे. ते आम्ही ठेवले.

जयंतीच्या दिवशी पडदा अडकला. रखवालदार झालेल्या मुलीची दाढी गळून पडली. २२ मिनिटांची ३१ झाली आणि जेवण गार झाले. नोंदवहीपाशी मुलाने पेन टेकवले, उचलले, मागे वळून दाराकडे पाहिले. तालमीत त्याने हे कधी केले नव्हते. शीटमध्ये मी तिथे ४ सेकंद दिले असते. तो जवळजवळ मिनिटभर थांबला. मग लिहिले.

जेवणाच्या रांगेत एक ज्येष्ठ काका जवळ आले. १९८१ साली पुण्यात खोली घेताना त्यांनी घरमालकाला वेगळे आडनाव सांगितले होते. तीन वर्षे दारावर तीच पाटी होती. काकूंनाही हे तेव्हाच कळले, कारण त्या प्लेट घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

येत्या रविवारी धम्मवर्गात काका मुलांसमोर बसणार आहेत. टेबलावर तीच नोंदवही ठेवा, असे त्यांनी सांगितले आहे. काय बोलणार, असे विचारले तर म्हणाले, "बघू." मुलांना सकाळी साडेदहापर्यंत घेऊन यावे.

जय भीम.