'लहान' की 'लहाना'?

मराठी विशेषणांचे विकारी व अविकारी असे दोन प्रकार आपण शालेय व्याकरणात शिकतो. 'मोठा' हे विशेषण नामाप्रमाणे बदलते : मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठे मूल, मोठ्या मुलाला. त्याचा जोडीदार 'लहान' मात्र जागचा हलत नाही : लहान मुलगा, लहान मुलगी, लहान मुलाला. असे का व्हावे?

याचे उत्तर शब्दाच्या कुळात सापडते. व्युत्पत्तिकार 'लहान'चे मूळ संस्कृत 'श्लक्ष्ण' हे मानतात. त्याचा अर्थ गुळगुळीत, मऊ, बारीक. प्राकृतात 'क्ष्ण'चा 'ण्ह' झाला. 'तीक्ष्ण'चे 'तिण्ह' झाले, तसेच. आरंभीच्या जोडाक्षरातला 'ल' उरला तेथे 'लण्ह' व त्यातून 'लहान' आला. 'स' उरला तेथे 'सण्ह' व त्यातून 'सान'. म्हणजे 'लहानसान' या जोडशब्दात दोन सख्खी भावंडेच शेजारी बसली आहेत!

आता 'आ'कडे वळू. 'घोटक'चा 'घोडा' झाला, त्याप्रमाणे शेवटी 'क' असलेल्या रूपांतून मराठीत आकारान्त शब्द आले व तेच लिंगवचनाप्रमाणे बदलू लागले. 'लहान'ला तो 'आ' लाभला नाही, म्हणून तो अविकारी राहिला.

परंतु बोलीने ही उणीव भरून काढली आहे. आमचे बजाजनगर ही वाळूजच्या कारखान्यांमुळे वाढलेली वस्ती. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेल्या कुटुंबांत 'लहाना भाऊ', 'लहानी बहीण' असेच म्हणतात. वर्गात हे रूप कोणी उच्चारले की हशा पिकतो. पण 'बारीक'पासून 'बारका-बारकी', 'थोर'पासून 'थोरला-थोरली' ही रूपे आपण मुकाट्याने स्वीकारतोच ना? 'लहानगा-लहानगी' तर पुस्तकातही चालते. मग 'लहाना'नेच काय पाप केले?

दूरच्या नॉर्वेतही याच अर्थाचा शब्द असाच हट्टी आहे. तेथे पुल्लिंगी 'लिटेन', स्त्रीलिंगी 'लिटा', नपुंसकलिंगी 'लिटे'. आणि अनेकवचनात मूळ शब्दच टाकून 'स्मो' हा निराळा शब्द येतो. तेथील व्याकरणात हा अपवाद म्हणून नोंदवला जातो. त्याला कोणी अडाणीपणा म्हणत नाही.

प्रमाण लेखनात 'लहान' लिहावे, याविषयी दुमत नाही. मात्र 'लहाना' म्हणणारी माझी आई व्याकरण मोडत नाही. 'मोठा'चा नियम ती 'लहान'लाही लावते, एवढेच. बोलीला हसण्यापूर्वी तिचा नियम शोधावा, हीच भाषेच्या विद्यार्थ्याची पहिली पायरी होय.

— बी. ए. द्वितीय वर्ष