टाचण सुंदर, मैदान रिकामं

शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकताना कुणाला काही वाटत नाही. तो झाला नाही याचा जाब मात्र पी.टी.च्या शिक्षकालाच विचारतात. हे मी भोगलंय, म्हणून या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितो.

आठवीसाठी मी खो-खोचं घटक नियोजन केलं होतं. सुरुवातीच्या पाठांत नियम घेतलेच नव्हते. आधी बसणं-उठणं, हात जमिनीला टेकून झेपावणं. मग पाठीमागून खो देणं. मग खांब वळणं. आणि सगळ्यात शेवटी नऊ-नऊचा डाव. दिवाळीनंतर हे सगळे तास शिष्यवृत्तीच्या सरावाला गेले. "सर, तुमचं काय, नंतर भरून काढा," असं मुख्याध्यापक म्हणाले. नंतर म्हणजे कधी? आधी मैदानावर संमेलनाचा मांडव, मग उन्हाचा तडाखा. मी पाठांच्या टाचणाची वही उघडून दाखवली. त्यांनी पाहिलीही नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. शाळेत अभिनंदनाचा फलक लागला. माझा तास काही परत मिळाला नाही.

पुढे तपासणी आली. साहेबांनी टाचण वाचलं, कौतुक केलं आणि म्हणाले, "चला, मुलींचा खेळ बघू." आठजणी मधल्या पाटीवर बसल्या. आठही जणींची तोंडं एकाच बाजूला! शेजारच्या दोघींनी विरुद्ध दिशांना तोंड करून बसायचं, ही या खेळातली पहिली गोष्ट. एकीने तर समोरून जाऊन खो दिला. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते साहेबांना म्हणाले, "सर जरा नवीन आहेत. सांगतो त्यांना."

तेव्हा मला लख्ख कळलं, की माझं टाचण फक्त फायलीसाठी मागितलं होतं. तास कुठे गेले हे एका वाक्यात सांगता आलं असतं त्यांना. त्या मुली मान खाली घालून उभ्या होत्या, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता.

आता कामाचं. 35 मिनिटांच्या तासात रांग, मैदानावर जाणं, पाणी यात दहा मिनिटं जातात. पाठ पंचविसाचाच आखा. साठ मुलांत एक चेंडू टाकून शिट्टी वाजवू नका. पंधरा-पंधराचे चार गट करा आणि फक्कीच्या रेषा परिपाठाआधीच मारून ठेवा. प्रत्येक गटाला हात-पाय हलवायला काहीतरी हवंच, नाहीतर पंचेचाळीस जण नुसते बघत बसतात. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला 600 मीटर धाव घेऊ नका. जेवलेली मुलं ओकतात. त्या तासाला लवचिकता घ्या. जून ते ऑगस्टच्या प्रत्येक पाठाखाली व्हरांड्यात काय घ्यायचं तेही लिहा, कारण पाऊस विचारून येत नाही. पाचवीच्या मुलांना थेट खो-खो नको. लंगडीने तोल आणि वळणं आधी येऊ द्या.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल हवी म्हणते. हा आकडा पालकसभेत जरूर सांगा. पालक आपल्या बाजूने असले की बरंच सोपं जातं.

आणि तासाची नोंद ठेवा. झालेला तास निळ्या शाईने, गेलेला लाल शाईने, आणि समोर ज्यांनी घेतला त्यांची सही. कुरकुर होते. गणिताच्या बाई मला म्हणाल्या, "एवढा अविश्वास, सर?" मी वही पुढे धरून उभा राहिलो. त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात तो तास त्यांनी मागितला नाही.