आकाशमार्गाचे अंतर व उड्डाणाचा वेळ

(इयत्ता ५ वी ते ७ वी : गणित व भूगोल)

गोंदिया तालुक्यातील बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. मार्च २०२२ मध्ये तेथून इंदूर व हैदराबाद या शहरांसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आकाशात विमान दिसले की, ‘गुरुजी, हे किती वेळात पोहोचेल?’ असे मुले विचारतात. शिक्षकांनी उत्तर सांगून मोकळे होऊ नये. ते मुलांकडूनच काढवून घ्यावे.

येथे एक चूक हटकून होते. मुले रेल्वेचे अंतर घेतात व त्यास विमानाच्या वेगाने भागतात. भागाकार बिनचूक असतो, उत्तर मात्र चुकते. नागपूर ते मुंबई हा लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा आहे. तो वर्धा, भुसावळ, मनमाड अशी स्थानके घेत कसाऱ्याचा घाट उतरतो. विमानास भुसावळ गाठण्याचे कारण नसते. त्याचे अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. हा दीडशे किलोमीटरांचा फरक तोंडी सांगून पटत नाही. भिंतीवरील नकाशावर एक दोरा लोहमार्गाच्या वळणांवरून फिरवावा, दुसरा दोन शहरांमध्ये ताणून धरावा, आणि दोन्ही दोरे नकाशाच्या प्रमाणपट्टीवर मोजावेत. (दोरा लोकरीचा नसावा, तो ताणला जातो.) दूरदेशीच्या शहरांसाठी मात्र पृथ्वीचा गोल घ्यावा, कारण सपाट नकाशा लांब अंतरे खरी दाखवीत नाही.

चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६८५ किलोमीटरांस एक तासही लागू नये. मग वेळापत्रकात सुमारे दीड तास का? ही शंका मोलाची आहे. विमान धावपट्टीपर्यंत संथपणे जाते, चढताना व उतरताना त्याचा वेग कमी असतो, आणि कित्येकदा उतरण्यासाठी त्यास थांबावे लागते. गोंदियाहून नागपूरला जाण्यास लागणारा वेळ तर वेगळाच धरावा लागेल.

सरावासाठी विदर्भातीलच एक उदाहरण घ्यावे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास (आजचे कोलकाता व चेन्नई) येथून टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि ती पुन्हा आपापल्या शहरी परतत. नागपूरपासूनची सरळ अंतरे सुमारे अशी : मुंबई ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५ किलोमीटर. वेग ताशी ३०० किलोमीटर धरावा. सर्व विमाने ठीक बारा वाजता पोहोचावयाची, तर कोणते केव्हा सुटावे? मुंबईच्या विमानास २ तास १७ मिनिटे लागतील, म्हणजे ते ९ वाजून ४३ मिनिटांनी सुटेल. कलकत्त्याचे बरोबर एक तास आधी निघेल. उरलेली दोन मुलांनी सोडवावीत.

त्यानंतर विचारावे : ही भेट राजधानीतच का ठेवली नसावी? दिल्ली ते मद्रास दोरा ताणला, की सुमारे १,७५५ किलोमीटर भरतात. एका बाजूच्या प्रवासासच जवळजवळ सहा तास! मद्रासची पत्रे सकाळी वाटण्यासाठी परत केव्हा पोहोचतील, हे मुलांनीच मांडून पाहावे.