रक्तातला विळा

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनांचे जिल्हे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत या दोहोंचा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. साग, बांबू आणि मोह यांच्या या प्रदेशात एक व्याधी काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिला ‘सिकलसेल’ म्हणतात. ‘सिकल’ म्हणजे विळा आणि ‘सेल’ म्हणजे पेशी.

निरोगी माणसाच्या तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या व लवचीक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे द्रव्य शरीरभर प्राणवायू पोहोचवते. सिकलसेलमध्ये या द्रव्याची घडण बदललेली असते. त्यामुळे रक्तपेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याच्या हातापायांत असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून अंगात रक्त कमी पडते. अशा पेशींचे पहिले वर्णन शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले.

पण आई धडधाकट आणि वडीलही धडधाकट असताना मुलाला ही व्याधी कशी होते? याचे उत्तर जननपेशींत आहे.

आपल्या शरीराच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. त्यांच्या २३ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि दुसरे वडिलांकडून आलेले असते. गुणसूत्रांवर जनुके असतात. हिमोग्लोबिन घडवणारे एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. अकरावी गुणसूत्रे दोन, म्हणून हे जनुकही दोन ठिकाणी असते. त्यांपैकी एक नेहमीचे व दुसरे बदललेले असेल, तर नेहमीचे जनुक काम निभावून नेते. अशा माणसास ‘वाहक’ म्हणतात. तो सहसा आजारी नसतो.

आता जननपेशी पाहा. ती तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात आणि तिच्यात केवळ २३ गुणसूत्रे येतात. म्हणून वाहकाच्या निम्म्या जननपेशींत नेहमीचे जनुक असते आणि निम्म्यांत बदललेले. आईची अंडपेशी व वडिलांची शुक्रपेशी एकत्र आल्या की पुन्हा ४६ गुणसूत्रे होतात.

मुलांनो, दोन डबे घ्या. प्रत्येकात दोन चिंचोके टाका आणि त्यांतील एकावर चुन्याचा ठिपका द्या. हे झाले दोन वाहक पालक. न पाहता प्रत्येक डब्यातून एकच चिंचोका काढा. चार तऱ्हा संभवतात. एका तऱ्हेत दोन्ही चिंचोके बिनठिपक्याचे निघतील. ते मूल निरोगी. दोन तऱ्हांत एक ठिपक्याचा निघेल. ते मूल वाहक. एका तऱ्हेत दोन्ही ठिपक्याचे निघतील. ते मूल आजारी.

चिंचोके परत टाकून पुन्हा काढा. डब्यांना मागची खेळी आठवत नाही. म्हणून पहिले मूल आजारी झाले, तर पुढची तीन निरोगीच होतील असे समजणे चूक आहे. प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक हाच संभव असतो. यात आईचा दोष नाही आणि वडिलांचाही नाही; एकेक चिंचोका दोघांचाही असतो.

मग हे जनुक वनप्रदेशात टिकले कसे? वाहकाला तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात वाहक अधिक संख्येने वाचले आणि त्यांच्याबरोबर हे जनुकही पुढे आले. आफ्रिकेतही असेच घडले.

सिकलसेल स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. थोड्याशा रक्ताच्या तपासणीने आपण वाहक आहोत की नाही, हे कळते. विवाहापूर्वी दोघांनी ही तपासणी केली, तर पुढचा विचार समजून करता येतो. आजारी मुलास औषधोपचार, भरपूर पाणी व वेळेवर विश्रांती यांनी आराम पडतो. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. परंतु वर्गातील दुखणाईत सोबत्याला समजून घेण्याचे काम आपलेच आहे.

स्वाध्याय

१. जननपेशीत गुणसूत्रे निम्मी का असावी लागतात?
२. वाहक आणि रोगी यांतील फरक सांगा.
३. चिंचोक्यांचा खेळ ४० वेळा खेळा व आलेल्या जोड्यांची नोंद करा.