घटनास्थळींचा साक्षीदार

वर्तमानपत्र हातीं येतांच आपली दृष्टि प्रथम मजकुराकडे न जातां चित्राकडे जाते, हा सर्वांचा अनुभव आहे. त्यांतहि तें चित्र आगीचें असेल, शिडीवर चढलेला अग्निशामक दलाचा जवान किंवा गर्दी मागें सारणारा पोलीस शिपाई त्यांत दिसत असेल, तर आपण तें अधिक वेळ न्याहाळतों. परंतु त्या प्रसंगीं तेथें आणखी एक मनुष्य हजर होता, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. तो मनुष्य म्हणजे छायाचित्रकार. जवानाच्या हातांत पाण्याची नळी असते, शिपायाच्या हातांत दंडुका असतो; याच्या हातांत मात्र केवळ कॅमेरा. जेथें इतर माणसें जीव वांचविण्यासाठीं झटत असतात, तेथें चित्र काढीत उभें राहणाऱ्या या मनुष्याचें काम तें कोणतें, व समाजास त्याचा उपयोग काय, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहोंत.

प्रथम साधनांचा परिचय करून घेऊं. आजच्या विद्यार्थ्यास छायाचित्र काढणें म्हणजे फोनवर बोट टेकविणें इतकेंच वाटतें. १९३० ते १९५० या काळांत अमेरिकेंतील वर्तमानपत्री छायाचित्रकारांच्या हातीं बहुधा ‘स्पीड ग्राफिक’ नांवाचा कॅमेरा असे. तो १९१२ सालीं प्रथम निघाला. त्यांत चार इंच रुंद व पांच इंच लांब अशीं फिल्मचीं सुटीं पानें वापरीत. एका चौकटींत दोन बाजूंस मिळून दोनच पानें मावत. एक चित्र काढलें कीं चौकट उलटी करावयाची, दुसरें काढलें कीं नवी चौकट बसवावयाची. रात्रीं उजेडासाठीं पूर्वीं मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत. तिचा भडका व धूर दोन्ही त्रासदायक होत. १९३० च्या सुमारास कांचेच्या बंद फुग्यांत धातूचा पातळ वर्ख ठेवून तयार केलेले फ्लॅशचे दिवे प्रचारांत आले. परंतु तेहि एकदां उजळले कीं निकामी होत. यावरून असें दिसेल कीं, भडकलेल्या आगीसमोर या कारागिरास फार थोड्या संधि मिळत, व कोणता क्षण टिपावयाचा याचा निर्णय त्यास कळ दाबण्यापूर्वींच करावा लागे.

या काळांतील अशा छायाचित्रकारांत सर्वांत प्रसिद्धीस आला तो न्यूयॉर्कचा आर्थर फेलिग. जग त्यास ‘वीजी’ या टोपणनांवानें ओळखतें. आज युक्रेन देशांत असलेल्या झोलोचिव्ह गांवीं एका यहुदी कुटुंबांत तो १८९९ सालीं जन्मला, व लहानपणींच अमेरिकेस आला. वृत्तचित्रें पुरविणाऱ्या एका कंपनीच्या अंधारखोलींत अनेक वर्षें काम केल्यावर १९३५ सालीं त्यानें स्वतंत्र धंदा आरंभिला. पोलीस मुख्यालयाच्या अगदीं जवळ एका खोलींत तो राहत असे. १९३८ सालीं त्यानें आपल्या मोटारींत पोलिसांचा रेडिओ बसविण्याची परवानगी मिळविली. त्यामुळें आगीची किंवा गुन्ह्याची वर्दी पोलिसांस पोंचे तेव्हांच ती याच्याहि कानीं पडे. मोटारीच्या मागील पेटींत टंकलेखनयंत्र, फ्लॅशचे दिवे व बदलावयाचे कपडे सदैव तयार असत. रात्रभर शहरांत हिंडून काढलेलीं चित्रें तो वर्तमानपत्रांस विकी. १९६८ सालीं तो वारला.

वीजीच्या चित्रांत थट्टाहि आढळते. एका चित्रांत जळत्या इमारतीवर अग्निशामक दलाच्या पाण्याच्या धारा पडत आहेत, आणि त्या इमारतीवरील खाद्यपदार्थाच्या जाहिरातींत ‘फक्त उकळतें पाणी घाला’ असा उपदेश मोठ्या अक्षरांत झळकत आहे! परंतु त्याचें खरें वैशिष्ट्य निराळें आहे. पुष्कळदां तो आगीकडे पाठ करून माणसांकडे कॅमेरा वळवी. १९३९ सालच्या एका चित्रांत ज्वाळा मुळींच नाहींत. एक आई व तिची मुलगी वर पाहत आक्रोश करीत आहेत. घरची दुसरी मुलगी व तिचें तान्हें मूल वरच्या मजल्यावर आगींत सांपडलेलीं आहेत. हें चित्र काढतांना आपणांस रडूं आलें, असें वीजीनें १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘नेकेड सिटी’ या पुस्तकांत नमूद केलें आहे.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. दुःखानें व्याकूळ झालेल्या त्या मातेस, तुझें चित्र छापूं का, असें कोणी विचारलें होतें? पोलिसांच्या गाडींत टोपीआड तोंड लपविणाऱ्या आरोपींचींहि चित्रें वीजीनें काढलीं. न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वींच ज्याचें तोंड गांवभर झालें, तो पुढें निर्दोष ठरला तर त्याची अब्रू कोणी भरून द्यावी? दुसऱ्याच्या संकटावर हा धंदा चालतो, हा आक्षेप आमच्या मतें खोटा नाहीं, व छायाचित्रकाराच्या अश्रूंनीं तो धुऊन निघत नाहीं. मग अशा चित्रांचें समर्थन होऊं शकतें काय? त्यासाठीं चित्र छापल्यानंतर काय घडलें, हें पाहिलें पाहिजे.

२२ जुलै १९७५ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत एका इमारतीस आग लागली. ‘बोस्टन हेरल्ड अमेरिकन’ या पत्राचा छायाचित्रकार स्टॅन्ली फोरमन बंबाच्या मागोमाग तेथें पोंचला. या वेळेपर्यंत कॅमेरे लहान झाले होते, व फिल्म यंत्रानें आपोआप पुढें सरकत असल्यामुळें लागोपाठ चित्रें घेतां येत. इमारतीच्या मागील बाजूस, आगीच्या वेळीं बाहेर पडण्यासाठीं असलेल्या लोखंडी जिन्याच्या सज्ज्यावर, १९ वर्षांची एक तरुणी व दोन वर्षांची एक बालिका उभ्या होत्या. अग्निशामक दलाचा एक जवान त्यांच्यापाशीं पोंचला होता, व सुटकेची शिडी हाताच्या अंतरावर आली होती. इतक्यांत तो सज्जा निखळला. जवानानें एका हातानें शिडी पकडली. त्या दोघी सुमारें ५० फूट खालीं पडल्या. तरुणी मरण पावली. बालिका तिच्या अंगावर पडल्यामुळें वांचली. त्या जमिनीवर आदळण्यापूर्वीं आपण तोंड फिरविलें, असें फोरमननें पुढें सांगितलें.

तीं चित्रें देशभर छापून येतांच अनेक वाचक संतापले. मरणाच्या दारांतील मुलींचें हें प्रदर्शन कशासाठीं, असा त्यांचा सवाल होता. परंतु त्याच चित्रांनीं अधिकाऱ्यांस जाग आली. लोखंडी जिने सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी घरमालकांवर टाकणारे नियम बोस्टनमध्यें कडक झाले, आणि इतर शहरांतील अग्निसुरक्षेच्या संस्थांनींहि तींच चित्रें पुढें करून आपल्या येथील जिन्यांची तपासणी मागितली. गंजलेल्या लोखंडाविषयींचा लेख किती जणांनीं वाचला असता? १९७६ सालीं फोरमनला पुलित्झर पारितोषिक मिळालें.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईचें आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. त्यांत कापूस व स्फोटक द्रव्यें एकत्र भरलेलीं होतीं. दुपारीं चारनंतर भयंकर स्फोट झाले, आणि आग विझविण्यास गेलेले ६६ जवान प्राणांस मुकले. आजहि १४ एप्रिल हा दिवस भारतांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. परंतु तो महायुद्धाचा काळ होता; सरकारनें बातमीवर निर्बंध घातले, व ती बाहेर धाडण्याची मोकळीक वार्ताहरांस मे महिन्यांत मिळाली. शहरानें स्फोट कानांनीं ऐकला. मात्र त्या शूरांचें काम लोकांच्या डोळ्यांसमोर त्याच वेळीं यावें तसें आलें नाहीं. साक्षीदाराचें तोंड बंद केलें म्हणजे काय हरपतें, हें यावरून कळतें.

आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, म्हणून हा विचार केवळ जुन्या काळचा राहिलेला नाहीं. आगीच्या ठिकाणीं चित्रासाठीं गर्दी करणारा मनुष्य साक्षीदार नव्हे. तो बंबाची वाट अडविणारा अडथळा होय. विद्यार्थ्यांनीं प्रथम १०१ किंवा ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी, रस्ता मोकळा करावा, व मोठ्यांचें साहाय्य मागावें. त्यानंतर एखादें चित्र हातीं आलेंच, तर स्वतःस तीन प्रश्न विचारावे. या चित्रामुळें पुढील अपघात टळण्यास कांहीं मदत होईल काय? यांत ज्याचें तोंड दिसतें, तें माझ्या घरचें असतें तर मला हें चित्र चारचौघांत फिरलेलें चाललें असतें काय? आणि चित्राखालीं लिहिलेला मजकूर खरा आहे, हें मला ठाऊक आहे काय? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावरच तें चित्र दुसऱ्यास दाखवावें.